ल्यूकचा उजवा हात



या सुटीत आपल्या युवक मंडळाने पॅरिश हॉलमध्ये एक चित्रपट दाखवला, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. निदान त्या रात्रीचा आवाज तरी शेजारपाजारच्या घरांनी ऐकला असेलच. मुले एखाद्या संताच्या जीवनावरचा चित्रपट निवडतील अशी आमची भाबडी समजूत होती. त्यांनी निवडला 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक', म्हणजे 'स्टार वॉर्स' मालिकेतला १९८० साली आलेला दुसरा चित्रपट. आम्ही परवानगी दिली, कारण खरे सांगायचे तर सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आम्हीही तो एका शनिवारी रात्री पाहिला होता आणि तो आम्हाला आवडला होता.

चित्रपट संपल्यावर आम्हाला दोन शब्द बोलायला सांगण्यात आले. धर्मगुरूंचे दोन शब्द म्हणजे किती, हे आपण जाणताच. संकटे माणसाला घडवतात, सोने आगीतूनच तावून सुलाखून निघते, ल्यूकसारखे आपणही संकटांतून मोठे व्हायला हवे, असे आम्ही बोललो. टाळ्या झाल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून बारावीतला एक मुलगा उभा राहिला. "फादर, संकटे तर डार्थ व्हेडरवर पण आली. ल्यूकपेक्षा जास्तच आली. मग तो का नाही घडला?" हॉलमध्ये हशा पिकला, आम्हीही हसलो, आणि चहा आला म्हणून सुटलो. पण तो प्रश्न काही आमच्या डोक्यातून जाईना. त्या रात्री जे उत्तर देता आले नाही, ते आज या पानावर देण्याचा प्रयत्न करतो.

ज्यांनी हे चित्रपट पाहिले नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडी कथा सांगायला हवी. १९७७ सालच्या पहिल्या चित्रपटात ल्यूक स्कायवॉकर हा वाळवंटी ग्रहावर काका-काकूंच्या शेतावर वाढलेला पोरगा आपल्याला भेटतो. आपला बाप कधीच मेला, असे त्याला सांगितलेले असते. ओबी-वान केनोबी नावाचा वृद्ध योद्धा त्याला हाताशी धरतो, आणि शेवटी हा पोरगा एका अचूक माऱ्यात साम्राज्याचा चंद्राएवढा लढाऊ तळ उडवून देतो. राजकन्या लेया त्याच्या गळ्यात पदक घालते. मोठा विजय होता. पण दुसरा चित्रपट पाहताना जाणवते की त्या विजयाने ल्यूक फारसा बदललेला नाही. तो तसाच उतावळा आहे, आणि आता त्याला आपण कोणीतरी आहोत असेही वाटू लागले आहे. यश मिळाल्यावर माणसाचे असेच होते, त्यात नवल नाही.

दुसऱ्या चित्रपटाची सुरुवातच माराने होते. होथ या बर्फाळ ग्रहावर एक पांढरे श्वापद ल्यूकला एका फटक्यात पाडते आणि गुहेत उलटे टांगून ठेवते. तो कसाबसा सुटतो, पण बाहेर हिमवादळ आहे आणि तो बर्फात कोसळतो. (हा भाग मार्च १९७९ मध्ये नॉर्वेतील फिन्से येथे चित्रित झाला. तिथे वादळ इतके होते की कॅमेरा हॉटेलच्या दारात ठेवून बिचाऱ्या नटाला बाहेर बर्फात पाठवण्यात आले.) त्याला वाचवतो त्याचा मित्र हान सोलो. पहिल्या चित्रपटात हा हान फक्त पैशासाठी बरोबर आलेला असतो. तोच आता, रात्री बाहेर पडणे म्हणजे मरण हे माहीत असताना, मित्राला शोधायला जातो. त्याचे वाहनाचे जनावर थंडीने मरते, तेव्हा त्याचे पोट फाडून त्या उबेत तो ल्यूकला ठेवतो. घाणेरडा प्रसंग आहे, मुलांनी नाके मुरडली. पण ल्यूक जगला तो त्या उबेमुळे. या चित्रपटातला नायक पहिल्या संकटातून स्वतःच्या बळावर बाहेर पडलेला नाही, एवढे लक्षात ठेवूया.

पुढे ल्यूक डॅगोबा नावाच्या दलदलीच्या ग्रहावर योडा या थोर गुरूला शोधायला जातो. त्याला वाटते, कोणी धिप्पाड योद्धा भेटेल. भेटतो तो दोन-सव्वादोन फुटांचा, लांब कानांचा, त्याच्या डब्यातले खाणे चिवडणारा एक म्हातारा प्राणी. ल्यूक त्याच्यावर चिडतो, घाई करतो. गुरू समोर बसला आहे आणि शिष्याला तो ओळखता येत नाही. म्हणजे परीक्षा सुरू झाली हे कळायच्या आधीच तो पहिल्या पेपरात नापास!

दुसरा पेपर एका अंधाऱ्या गुहेत आहे. आत जाताना शस्त्रांची गरज नाही, असे योडा सांगतो. ल्यूक ती घेऊनच जातो. आत डार्थ व्हेडर दिसतो, ल्यूक तलवारीने त्याचे शिर उडवतो, आणि फुटलेल्या मुखवट्याच्या आत त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. या प्रसंगी हॉलमध्ये अगदी शांतता झाली होती. तिसऱ्या पेपरात त्याचे बुडालेले यान चिखलातून केवळ अंतःशक्तीने वर काढायचे असते. थोडे हलते आणि पुन्हा बुडते, तेव्हा ल्यूक हताश होऊन बाजूला जाऊन बसतो. योडा ते यान अलगद काठावर आणून ठेवतो. ल्यूकला डोळ्यांवर विश्वास बसत नाही, आणि तो विश्वास नाही म्हणूनच तुला जमत नाही, असे म्हातारा त्याला सुनावतो.

इथे जाता जाता एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण दोन पालकांनी आम्हाला विचारले. या चित्रपटांतली 'फोर्स' नावाची शक्ती म्हणजे आपला परमेश्वर नव्हे. ती कोणावर प्रेम करत नाही, कोणाला हाक मारत नाही. ती चांगल्यालाही वापरता येते आणि वाईटालाही. चित्रपटकर्ते जॉर्ज लुकस यांनी अनेक धर्म आणि पुराणकथांमधून साहित्य गोळा केले. जोसेफ कॅम्पबेल या अमेरिकन अभ्यासकाच्या १९४९ सालच्या वीरकथांवरील ग्रंथाचा त्यांच्यावर प्रभाव होता. त्या ग्रंथात नायक माशाच्या पोटात जातो, असा एक टप्पा सांगितला आहे, आणि योना संदेष्ट्याची गोष्ट तर आपल्या धर्मशिक्षण वर्गातल्या मुलांनाही पाठ आहे. या चित्रपटात हान आणि लेया यांचे यान लपण्यासाठी एका लघुग्रहाच्या गुहेत शिरते, आणि ती गुहा म्हणजे एका अजस्र किड्याचे पोट निघते! अशा जागा सापडल्या की चित्रपट पाहायला मजा येते. पण म्हणून तो धर्मशिक्षणाचे पुस्तक होत नाही.

असो. प्रशिक्षण अर्धवट असताना ल्यूकला दिसते की आपले मित्र यातना भोगत आहेत. योडा आणि ओबी-वान दोघेही त्याला थांब म्हणतात, तू अजून तयार नाहीस म्हणतात. व्हेडरशी गाठ पडली तर मी मध्ये येऊ शकणार नाही, हेही ओबी-वान सांगतो. ल्यूक निघून जातो. तो चुकला का, यावर त्या रात्री मुलांमध्ये बराच वाद झाला. आमचे मत असे की त्याचे प्रेम खरे होते, पण ती धाव धैर्याची नव्हती. अ‍ॅरिस्टॉटलने धैर्य आणि आततायीपणा यांत फरक केला आहे. आततायी माणूस धोका येण्याआधी उत्साहात असतो आणि प्रत्यक्ष धोक्यात मागे सरतो. ल्यूक मागे सरला नाही, हे त्याचे मोठेपण. पण तो पोहोचेपर्यंत उशीर झालेला होता. त्याच्या जाण्याने एकही मित्र सुटला नाही. उलट मित्रांनाच त्याच्यासाठी परत यावे लागले.

ल्यूक पोहोचायच्या आधी ढगांमधल्या त्या नगरीत हानचा जुना मित्र लँडो याने दबावाखाली दगा दिलेला असतो. हानला यातना दिल्या जातात, आणि गंमत पाहा, त्याला एकही प्रश्न विचारला जात नाही. त्याच्या यातना म्हणजे ल्यूकला ओढून आणण्यासाठी लावलेले आमिष असते. मग त्याला गोठवायला नेतात. त्याचा दांडगा सोबती च्युबाका मारामारी सुरू करतो, तेव्हा हान त्याला आवरतो आणि राजकन्येची काळजी घे म्हणतो. ज्याचा हात सदैव पिस्तुलावर असायचा तो माणूस आता हात बांधलेले असताना उभा आहे. आमच्या मते संपूर्ण चित्रपटात हान याहून मोठा कधी दिसत नाही.

सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस यांचा 'सुम्मा थिओलॉजिए' वाचताना एक प्रश्न आम्हाला चकित करून गेला होता. धैर्याची मुख्य कृती कोणती, हल्ला करणे की टिकून राहणे? आपण सगळे हल्ला म्हणू. संत थॉमस म्हणतात, टिकून राहणे, आणि ते अधिक कठीण का याची तीन कारणे देतात. हल्ला करणारा स्वतःला वरचढ समजून पुढे जातो, सोसणाऱ्यावर मात्र वरचढ कोणीतरी चालून आलेला असतो. हल्ला करणाऱ्याला धोका पुढे दिसतो, सोसणाऱ्यावर तो आत्ता कोसळत असतो. आणि हल्ला क्षणात उरकता येतो, सोसायला वेळ लागतो. ज्यांनी घरात वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा केली आहे त्यांना हे तिसरे कारण आम्ही समजावून सांगायची गरज नाही. पुढे त्यांनी एक बारीक गोष्ट सांगितली आहे: सोसताना शरीरावर आघात होत असतो, पण आत्मा त्याच वेळी एक काम करत असतो, तो चांगल्याला घट्ट धरून असतो. या वाक्यापाशी आपल्याला त्या बारावीतल्या मुलाचे उत्तर सापडते, असे आम्हाला वाटते.

कारण आता ल्यूकवर तशीच वेळ येते. व्हेडर त्याचा उजवा हात मनगटापासून तोडतो. तलवार हातासकट खाली जाते. मग तो सांगतो, की मीच तुझा बाप आहे, आणि माझ्याबरोबर ये. (हे रहस्य इतके जपले होते की चित्रीकरणात व्हेडरच्या पोशाखातल्या नटाला वेगळेच खोटे वाक्य दिले होते. ल्यूकचे काम करणाऱ्या मार्क हॅमिल यांना खरे काय ते चित्रीकरणाच्या थोडे आधी सांगण्यात आले.) ल्यूककडे आता शस्त्र नाही, हात नाही, आणि जो बाप त्याने मनात जपला होता तोही नाही. सोबत गेला तर जीव वाचेल. तो हात सोडून देतो आणि खोल पोकळीत पडतो. तो जिंकत नाही. फक्त वाईटाला धरत नाही.

नगरीच्या तळाशी एका दांड्याला तो लोंबकळत राहतो. तो ओबी-वानला हाक मारतो, उत्तर येत नाही. मग तो लेयाला हाक मारतो. तिला ती कशी ऐकू येते कोणास ठाऊक, पण ती यान मागे वळवायला लावते. शत्रू मागे लागलेला असताना वळतात. छताचे दार उघडून हात पुढे करून ल्यूकला आत ओढून घेतो तो लँडो, म्हणजे तोच दगाबाज.

आता डार्थ व्हेडरकडे वळूया. १९९९, २००२ आणि २००५ सालच्या तीन चित्रपटांत त्याची आधीची कहाणी आहे. त्याचे नाव अनाकिन. तो गुलाम म्हणून जन्मला. नऊ वर्षांचा असताना आईपासून दूर गेला. ती पुन्हा भेटली ती मरणाच्या दारात, आणि त्याच्या हातांत तिने प्राण सोडला. लढाईत त्याचाही उजवा हात तुटला. म्हणजे बापलेकाची जखमही एकच! आपल्या बारावीतल्या मुलाचे बरोबर होते, संकटांच्या हिशेबात बाप पुढे आहे.

पण तो काय करतो पाहा. आई मेल्यावर तो सगळी वस्ती कापून काढतो, बायकामुलांसकट. त्याचे लग्न गुप्त आहे. बायको मरणार अशी स्वप्ने पडू लागतात तेव्हा तो योडाकडे जातो खरा, पण कोणाबद्दल बोलतो आहे ते सांगत नाही, अर्धेच सांगतो. उरलेले असा माणूस ओळखून असतो जो त्याच्या भीतीचा वापर करून घेणार आहे. त्याचे प्रेमही खोटे नव्हते. पण त्याने धरले होते ते गमावण्याच्या भीतीला, आणि जे गमवायचे नव्हते ते त्या भीतीपायीच गेले. पुढे उरलेला हात आणि दोन्ही पायही गेले. मुखवट्याआड तो वीसेक वर्षे जगला, आणि इतक्या दुःखातून आलेला हा माणूस दुसऱ्याच्या दुःखाला मात्र दगड झाला.

तेव्हा, मुला, तू विचारलेस ते रास्त होते आणि आम्ही त्या रात्री बोललो ते अर्धवट होते. संकट स्वतःहून कोणाला घडवत नाही. आग सोन्याला लागते तशी गवतालाही लागते.

हे आम्ही आधीच शिकायला हवे होते. गुरुदीक्षेनंतरच्या पहिल्याच वर्षी आम्ही एका घरी गेलो होतो. घरातला कर्ता तरुण पुरुष अचानक गेला होता. आम्ही त्याच्या पत्नीला म्हणालो, परमेश्वर अशा परीक्षांतून आपल्याला मोठे करतो. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "फादर, मला मोठं व्हायचं नव्हतं. मला हे घरी हवे होते." तिच्या सासूबाईंनी विषय बदलला, आम्हाला पाणी दिले. सासूबाई त्यानंतर वर्षभर रोज रात्री तिच्या खोलीत झोपत होत्या, हे आम्हाला पुढे कळले. त्या दोघींपैकी कोणीही संत थॉमस वाचलेले नाहीत.

आता राहिला तो उजवा हात. दुसऱ्या चित्रपटाच्या शेवटी ल्यूकला यांत्रिक हात बसवतात. बोटांना टोचून पाहतात, ती हलतात. लेया शेजारी उभी आहे, हानचा पत्ता नाही, आणि चित्रपट तिथेच संपतो. आपल्या मुलांना हा शेवट पटला नाही. १९८० साली अमेरिकेतल्याही बऱ्याच प्रेक्षकांना पटला नव्हता.

१९८३ सालच्या 'रिटर्न ऑफ द जेडाय' मध्ये बापलेक पुन्हा समोरासमोर येतात. व्हेडर आता ल्यूकच्या बहिणीला ओढायची धमकी देतो, आणि ल्यूकचा तोल जातो. तो असा काही तुटून पडतो की व्हेडर कोसळतो, आणि त्याचा उजवा हात तुटतो. बाजूला बसलेला सम्राट खूश होऊन बापाला संपवायला सांगतो. ल्यूक व्हेडरच्या तुटलेल्या मनगटाकडे पाहतो, तिथून तारा बाहेर आल्या आहेत. मग तो स्वतःच्या काळ्या हातमोज्यातल्या हाताकडे पाहतो. गुहेत मुखवट्याआड जो चेहरा दिसला होता तो त्याला आता कळतो. तो तलवार फेकून देतो. आम्हाला हा प्रसंग सगळ्या मालिकेत मोलाचा वाटतो. आधीच्या चित्रपटात झालेली जखम त्याला इथे कामी येते. ती नसती तर त्याने बापाला मारले असते. जखमेने त्याला बळ दिले असे आम्ही म्हणणार नाही. तिने त्याला समोरच्या माणसात स्वतःला ओळखायला लावले.

हे एकदा शिकले की कायमचे झाले, असेही नाही. २०१७ साली आलेल्या 'द लास्ट जेडाय' मध्ये हाच ल्यूक म्हातारपणी एका अपयशानंतर सगळ्यांशी संबंध तोडून एका बेटावर जाऊन बसलेला दिसतो, कोणाची हाक ऐकायची नाही म्हणून. पुष्कळ चाहत्यांना राग आला, नायकाला असे का दाखवले म्हणून. आम्हाला मात्र तो ओळखीचा वाटला. आपल्या धर्मग्रामातही अशी काही दारे आहेत, आणि ती वाजवायला कोणीतरी जायला हवे आहे. ते काम एकट्या धर्मगुरूंना जमणारे नाही.

मालिकेतला तिसरा चित्रपट युवक मंडळ येत्या रविवारी सायंकाळच्या मिस्सानंतर हॉलमध्ये दाखवणार आहे. त्याचा शेवट आम्ही वर फोडलाच आहे, त्याबद्दल क्षमस्व. सगळा मात्र सांगितलेला नाही. खुर्च्या कमी पडतात, तेव्हा लहान मुलांनी घरून चटई आणावी. बारावीतल्या त्या मुलाने पुढच्या रांगेत बसावे.